दहा पेरांची शांतता

वक्तृत्वाची स्तुती पुष्कळ झाली, मौनाचीही झाली. परंतु प्रश्न विचारून झाल्यावर दुसऱ्याच्या उत्तरासाठी मोकळी ठेवायची जी जागा, तिचे माहात्म्य गाणारा मला क्वचितच भेटला. ती जागा राखणे ही तपश्चर्याच होय. आणि मी ज्यांच्याविषयी लिहीत आहे त्या बाईंनी ती बालवाडीच्या सतरंजीवर बसून आयुष्यभर केली.

लहान मुलाला काही विचारले की त्या हात पाठीमागे नेत आणि अंगठ्याने बोटांची दहा पेरे मोजीत. तोवर ओठ मिटलेले. सहकारी त्यांना 'थांबाबाई' म्हणत. घरी लेक चिडवी, "आई, बाबांना काही विचारलंस तरी दहाच मोजतेस?"

"छे गं, त्यांना वीस लागतात."

देशात तेव्हा सरकारच्या अशा चारशे बालवाड्या होत्या. बाई शिक्षिकांच्या प्रशिक्षणप्रमुख झाल्या, तरी स्वतःचा सकाळचा वर्ग त्यांनी सोडला नव्हता. त्याच वर्षी वरून आज्ञा आली: वर्षभरात दहा हजार! खात्याच्या संचालकांनी शिक्षिकांचे प्रशिक्षण तीन आठवड्यांवरून तीन दिवसांवर आणले आणि कागद बाईंपुढे सरकवला.

"सही करा, बाई."

"साहेब, तीन दिवसांत गाणी पाठ होतील. थांबणं येणार नाही."

"थांबायला कसलं आलंय प्रशिक्षण? सही नसेल, तर परवापासून भांडारात खडू मोजत बसा."

"बसते की. पण उद्या सकाळी अर्धा तास माझ्या वर्गात या."

संचालक आले; मुलांच्या बुटक्या खुर्चीत कसेबसे मावले. बाईंनी एका चार वर्षांच्या मुलीला त्यांच्यासमोर बसवले.

"विचारा हिला काहीही."

"हा माझा चष्मा कशासाठी गं?" मुलगी गप्प. "अगं, नीट दि..."

"साहेब, थांबा!"

बाईंच्या पाठीमागे अंगठा सरकत होता. सहा. सात. मुलीने चष्मा निरखला, मग त्यामागचे डोळे निरखले. नवव्या पेरावर ती उद्गारली, "डोळे खाली पडू नयेत म्हणून!"

संचालक इतके हसले की खुर्चीसकट कलंडले. उठताना मात्र गंभीर होते. "मी बोललो असतो तर?"

"तिनं तुमचं उत्तर पाठ केलं असतं."

त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. "मग दहा हजार व्हायचे कसे?"

बाईंची योजना सिद्धच होती. प्रत्येक जुन्या शिक्षिकेने वर्षाकाठी दोन नव्या जणींना तीन आठवडे आपल्या शेजारी बसवायचे. मगच त्यांच्या हाती नवी बालवाडी. पुढच्या वर्षी त्यांनीही तेच करायचे. चारशेच्या बाराशे झाल्या, बाराशेच्या छत्तीसशे, आणि तिसऱ्या वर्षी दहा हजार आठशे. तारीख हुकली, संचालकांनी वरिष्ठांची बोलणी खाल्ली. पण दहा हजारांचे लक्ष्य ओलांडले होते.

चौथ्या वर्षी बाई सर्वांत शेवटी उघडलेल्या बालवाडीत न कळवता गेल्या. तिथल्या तरुण शिक्षिकेने त्यांना कधी पाहिलेही नव्हते. तिने एका मुलाला काही विचारले आणि तिचे हात पाठीमागे गेले. दारातून बाईही मोजू लागल्या. पुरी दहा पेरे! बाहेर येऊन भर रस्त्यात त्यांनी लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या.

बाई आता नाहीत. दहा हजार आठशे खोल्यांत रोज सकाळी कुणीतरी एखाद्या मुलाला काही विचारते, आणि थांबते.