उजव्या गालावरचा तीळ

काल टीव्हीवर त्या जुन्या नटीचा सत्कार दाखवला. केस पांढरे झाले, पण गालावरचा तीळ तसाच. मी एकदम संग्रामपूरच्या तंबूतल्या सिनेमात पोचले. तिथं बायकांना पडद्याच्या मागं बसवत, म्हणून डावं ते उजवं दिसायचं. मला तेव्हा अक्षरओळख नव्हती, पडद्यावरची नावं उलटी दिसतायत हे कळणार कसं?

पाहुणे मला पाहायला आले, तेव्हा मी काजळानं तिच्यासारखा तीळ काढला, उजव्या गालावर. मुलगा मनात भरला होता.

तो हळूच म्हणाला, "तिचा तीळ डाव्या गालावर हाय."

"चारदा पाह्यला म्या सिनेमा. उजव्याच."

आईनं मागून चिमटा काढला. तो मात्र हसत वडलांकडं वळला, "बाबा, होकार देऊन टाका. हिले सिनेमा समोरून दाखवा लागन."