दळलेलं बियाणं

पेरणीचं बियाणं दळून खाणारी सून अख्ख्या वऱ्हाडात एकच झाली असेल, आणि ती मी. काल नातसुनेनं कणगी उघडली, राखेचा आणि वाळल्या कडुनिंबाचा वास आला, आणि माझं ते शहाणपण आठवलं. तेव्हा दूर अमेरिकेत लढाई चालली होती. तिकडचा कापूस अडला, म्हणून विलायतेच्या गिरण्यांना आमचा हवा झाला. सरकारी माणूस चावडीवर येऊन 'कापूसच पेरा' असं सांगून गेला. बैलांच्या शिंगांवर चांदी चढली, आणि जवारी पेरणाऱ्याला लोक हसू लागले. त्यात सासूबाई लग्नाला अमरावतीला गेल्या आणि घरातलं दळण संपलं. मी म्हटलं, आता जवारी पेरतंय कोण? कणगीतल्या बियाण्याची राख पाखडली, ते जात्यात घातलं, आणि भाकरी गोड झाल्या म्हणून स्वतःवरच खूश झाले. पेरणीच्या तोंडावर अकोल्याच्या बाजारातून बातमी आली की लढाई थांबली, कापसाला कोणी विचारत नाही. जो तो जवारीचं बी शोधत फिरू लागला. सासूबाईंनी निवांतपणे कणगीत हात घातला आणि नुसती राख बाहेर काढली. ती लढाई कशापायी झाली हे मला अजून ठाऊक नाही, पण त्यांचं बोलणं अक्षर न् अक्षर पाठ आहे: "लढाई साहेबाची, भाव साहेबाचा, पण पोट तं आपलंच हाये ना वं? आता मायेरी जाय अन् बी मांगून आण. कावून पायजे म्हणून पुसलं, तं खरं सांगजो."