मुस्यो वदीअंचं झुंबर

आमच्या इमारतीच्या समितीवर मुस्यो वदीअ यांना कुणीही निवडून दिलेलं नाही. पहिल्या सभेला बाकीचे कॉफी प्यायला आले आणि ते फाइल घेऊन आले, एवढ्यावरच अध्यक्ष झाले. त्याआधी बँकेत होते. तिथं नेमकं काय करायचे ते कुणाला ठाऊक नाही, पण नाकाने कांदे सोलायची सवय तिथलीच असणार.

बैरूतमध्ये वीज गेली असं आम्ही म्हणत नाही, ‘सरकार गेलं’ म्हणतो. सरकार गेलं की कुणीतरी तळघरात उतरून जनरेटर सुरू करायचा. वदीअंना संशय आला की तिथलं डिझेल कमी होतंय. संशय कुणावर? रखवालदार हुसामवर, कारण इमारतीत दुसरं गरीब माणूस नव्हतं. मग तळघराच्या दाराला बोट ओळखणारं यंत्र आलं. जुन्या कुलपाचं भोक त्यांनी स्वतःच्या हातानं सिमेंटनं बुजवलं आणि बोटं नोंदवली दोघांचीच: स्वतःची आणि यंत्र बसवणाऱ्या तोरोस मिस्त्रीची.

“मुस्यो वदीअ, सरकार गेल्यावर हे चालणार कशावर?” मी विचारलं.

“बॅटरी आहे, मादाम सलमा! साधीसुधी नाही, ट्रकची!”

“एवढ्याशा यंत्राला ट्रकची?”

“हे तांत्रिक आहे. तुम्ही तुमचं पुदिन्याचं रोप सांभाळा.”

मी सांभाळलं. त्यानंतर महिनाभरात एक चमत्कार झाला. सरकार नाही, जनरेटरही विश्रांतीला, अशा वेळी सगळी इमारत मेणबत्त्या शोधत असायची आणि चौथ्या मजल्यावर वदीअंचं झुंबर लखलखत असायचं. “घरात स्वतःची छोटीशी सोय केलीय,” ते गॅलरीतून सांगायचे. खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटायचा.

त्यांची मुलगी, रिंदला तिचं नाव, मात्र गुणी. झहलेच्या जादवर तिचा जीव जडला होता आणि त्या रविवारी तो आईला घेऊन रीतसर मागणी घालायला येणार होता. झहलेत दिवे सहसा जात नाहीत, याचा त्या गावाला कोण गर्व! जादच्या आईचं, सित्त अफाफचं, आधीपासूनच पालुपद होतं: अंधारात राहणाऱ्यांची पोरगी कशाला हवी?

“सलमाखाला, आज जरा काही बिघडलं ना, तर त्या नाही म्हणायला टपल्याच आहेत,” रिंदला कॉफीचे कप पुसत मला म्हणाली. मला फार वाईट वाटलं.

वदीअंनी मात्र दुपारपासून झुंबर लावून ठेवलं होतं. खालून वर बघायचे, वरून खाली बघायचे, स्वतःवरच खूश. सरकार सकाळपासून बेपत्ता होतं. संध्याकाळी ते जेमतेम डोकावलं. सरकार आल्याआल्या आमच्यातलं कुणी लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही. ते टिकतंय का हे आधी बघतो. झहलेकर कशाला बघतील? मायलेक चॉकलेटचं तबक घेऊन सरळ आत शिरले. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामध्ये सरकार गेलं.

“जाद! मी म्हटलं नव्हतं?” लिफ्टमधून आवाज आला.

वदीअ खाली धावले, मागून मी मोबाइलचा उजेड धरून. त्यांनी अंगठा लावला. यंत्र म्हणालं, “धन्यवाद.” खिट्टी नुसती थरथरली. पुन्हा अंगठा. पुन्हा धन्यवाद. जनरेटर आत, आम्ही बाहेर, आणि किल्लीच्या भोकात अध्यक्षांचं सिमेंट!

समोरच्या गल्लीतून तोरोसला बोलावलं. त्यानं दारावरच्या डब्यात मीटर लावून पाहिला.

“बॅटरी मेलेली नाही. कुणीतरी तिचं रक्त पितंय. पिणं थांबलं तर खिट्टी ओढण्यापुरता जीव येईल.”

“कोण पितंय?” मी विचारलं.

तोरोसनं छताकडे पाहिलं. “बाई, मी मिस्त्री आहे, पाद्री नाही. कबुलीजबाब त्यांच्याकडे.”

“हुसाम!” वदीअ ओरडले. “त्यानंच तार जोडली असणार!”

हुसाम जिन्यात उभा होता. त्याच्या मागे रिंदला उभी होती.

“बाबा,” ती म्हणाली, “झुंबर बंद करू?”

“झुंबराचा काय संबंध? आणि पाहुणे येताना घरात अंधार?”

“पाहुणे अंधारातच आहेत, बाबा.”

ती वर गेली. थोड्या वेळात जिन्याच्या पोकळीतून दिसणारा चौथ्या मजल्याचा उजेड विझला. इकडे यंत्राचा मलूल दिवा टवटवीत झाला.

“लावा आता बोट,” तोरोस म्हणाला.

अध्यक्षांचं बोट काही उठेना. शेवटी तोरोसनंच स्वतःचं लावलं. खट्. जनरेटर धडधडला, लिफ्ट हलली. पाण्याच्या पाइपाआडून बॅटरीपासून थेट चौथ्या मजल्यापर्यंत गेलेली वायर सगळ्यांना दिसली. कुंपणच शेत खात होतं.

दिवाणखान्यात आम्ही साध्या ट्यूबलाइटखाली बसलो. झुंबर लावायचं नाव कुणी काढलं नाही. लिफ्टच्या पोकळीतून खालचा शब्दन् शब्द ऐकू जातो, हे सित्त अफाफच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

“दिवा तू विझवलास?” त्यांनी विचारलं.

“हो,” रिंदला म्हणाली.

“बापाच्या तोंडावर?”

“हो.”

सित्त अफाफनी कॉफीचा कप उचलला. आमच्याकडे मागणी मान्य होईपर्यंत पाहुणे घोटही घेत नाहीत, पण त्यांनी अख्खा कप रिकामा केला.

“मुस्यो वदीअ, पोरगी आम्ही नेतो,” त्या म्हणाल्या. “झुंबर तुमच्याकडेच ठेवा.”

दुसऱ्या दिवशी हुसाम छिन्नीनं भोकातलं सिमेंट फोडत होता. त्याची माफी मागायला अध्यक्ष येतील असं मला वाटलं, आणि ते आलेही. कमरेवर हात ठेवून म्हणाले, “हळू रे. दार समितीचं आहे.”