अकराचा पंखा की आठचा? गोदाकाठचे दोन दिवस

दोन दिवसांची सुट्टी होती आणि मी फक्त झोपायचं ठरवलं होतं. ऑफिसातली तपासणी नुकतीच उरकली होती, अंगात काही उरलं नव्हतं. पण आठवड्याच्या सुरुवातीलाच दाजींचा, म्हणजे आक्काच्या मालकांचा फोन आला. "पाव्हणं, नावेच्या इंजिनाला पंखा पाह्यजे. जालन्यात भेटंल का?"

दाजी अंबड तालुक्यात गोदावरीच्या काठावर नाव चालवतात. जुनं इंजिन बसलं म्हणून त्यांनी पंधरा एचपीचं एक वापरलेलं इंजिन आणलं, तर त्याच्या पंख्याचं एक पातं गायब. आक्का पलीकडच्या काठावरच्या शाळेत शिपाई आहे, शाळेच्या किल्ल्या तिच्याकडं. नावेनं दहा-बारा मिनिटांचं काम. नाव बंद पडल्यापासून दोन गाड्या बदलून पुलावरून फेरा. उशीर झाला म्हणून तिला दोनदा लेखी ताकीद मिळाली होती. तिसऱ्यांदा झाला तर काम गेलं, असं तोंडावर सांगितलं होतं.

जालन्यात बियाणं मिळतं, सळई मिळते. नावेचा पंखा म्हटल्यावर तीन दुकानदारांनी मला कूलरवाल्याकडं पाठवलं. शेवटी मुंबईच्या एकाला फोन लावला. "पिच किती देऊ?" तो म्हणाला. पिच म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. मग त्यानंच समजावलं, पंखा एका फेऱ्यात जितके इंच पुढं सरकायला हवा तो आकडा म्हणजे पिच. आकडा मोठा तर पळ जास्त, ओढ कमी. "अकराचा आणि आठचा, दोन्ही पाठवतो. एक परत करा, ओरखडा नको. आणि साहेब, भरलेल्या नावेवरच बघा."

हे शेवटचं वाक्य मला स्वच्छ ऐकू आलं होतं, आधीच कबूल करतो.

शनिवारी सकाळची एसटी धरली. अंबडपर्यंत रस्ता ठीक. मत्स्योदरी देवीला बसमधूनच हात जोडले. स्टँडवरची भजी गरम होती, चहा पाणचट. कुणी जाणार असेल तर पाठीला उशी घ्या, पुढं उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याचं वाटोळं केलंय. कंडक्टरनं पिशवीत डोकावून विचारलंच, "कूलर का?" मी हो म्हणालो. समजावून सांगायचं त्राण नव्हतं.

दाजी काठावरच उभे होते. पंखा बदलणं सोपं असतं: पिन काढा, नट सोडवा, जुना ओढा, नवा बसवा. आधी आठचा लावला. इंजिन किंचाळलं, नाव आपली बेताबेतानं गेली. मग अकराचा. बाप रे! नाव नाक वर करून जी सुटली, दाजी लहान पोरासारखे ओरडले, "ह्योच! बिलकुल ह्योच!"

"आम्ही दहा जणी बसणार, त्याचं काय?" आक्का काठावरून म्हणाली.

"नदीची ओटी भरल्याबिगर नव्या इंजिनावर दुसरं माणूस बसत न्हाई," दाजी म्हणाले. हा त्यांच्या बापाच्या वेळेपासूनचा नेम; पूजेआधी एकट्या नावाड्यानं चालवून बघायचं. आक्कानं माझ्याकडं पाहिलं. माझी पाठ ठणकत होती, वाद घालायचा जीव नव्हता. "दाजींना कळतं की," असं म्हणून मी घरी जाऊन आडवा झालो. दुपारी भाकरी, ठेचा आणि माशाचं कालवण जेवलो. आठचा पंखा टेप लावून परतीसाठी बांधूनही टाकला.

रविवारी खण, नारळ, हळदीकुंकू झालं आणि नाव भरली. आक्का, कापूस वेचायला जाणाऱ्या बाया, त्यांचे डबे, मी. इंजिन घुरघुरायला लागलं. नावेचं बूड खाली, नाक आभाळाकडं, आणि वेग म्हणजे रेड्यानं चालावं तसा. दाजींनी वेगाचा दांडा पिळला तसा धुराचा लोट उठला आणि निम्म्या पात्रात इंजिन बंद.

"पायी गेले असते तर पोचले असते," एक म्हातारी म्हणाली. कुणी हसलं नाही.

वल्ही मारत परत अलीकडच्या काठाला आलो. तिथं पंखा दगडाला घासला. बाया उतरून गेल्या. आक्का तेवढी नावेत बसून राहिली.

"दुकानदारानं काही सांगितलं न्हवतं का रे?"

"सांगितलं होतं. भरल्या नावेवर बघा म्हणून."

"मंग काल बोलला का न्हाईस?"

"थकलो होतो, आक्का."

"थकलो होतो!" तिचा आवाज चिरकला. "म्या पहाटं चारला उठून घरचा सैपाक करून, दोन गाड्या बदलून पळून राह्यले महिनाभर. म्या कुनाला सांगू थकले म्हणून?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दाजी घरून पुडकं घेऊन आले, दातानंच टेप फाडली. आठचा बसवला. बायांना परत हाका मारल्या. म्हातारी कुरकुरत का होईना, बसली. इंजिन मोकळ्या गळ्यानं बोलायला लागलं आणि भरलेली नाव एका चालीनं पलीकडं लागली. रिकामी असताना जे किंचाळणं वाटलं होतं, ते ओझ्याखाली बराबर होतं. दाजींनी घड्याळ बघितलं नाही, आक्कानं बघितलं.

संध्याकाळच्या एसटीनं परतलो. अकराचा पंखा ओरखड्यासकट माझ्या टीव्हीशेजारी पडलाय. दुकानदार आता तो घेणार नाही. खर्च माझा.

सोमवारी मी ऑफिसच्या जिन्यात होतो तेव्हा फोन वाजला. आक्का होती.

"काय झालं? बंद पडली का?"

"न्हाई रे. कुलूप उघडलं. झाडलं. पाणी भरलं. अजून कुनीच आलं न्हाई." जरा थांबली. "पायरीवर बसले आपली. लई दिवसांनी अशी नुसती बसले बघ."

मीही तिथंच जिन्यात बसलो. माझी हजेरीची वेळ टळून गेली.