डाळिंबीच्या अलीकडं

लेकीच्या खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाकीची पहिली तपासणी मी केली आणि तिला फोनवर सांगितलं, "नायट्रेट शून्य. पाणी एकदम गंगाजळ." चार दिवसांत टाकीतलं पोवळं, एरवी झेंडूसारखं फुलणारं, लाजाळूसारखं मिटून बसलं. पुण्याला नोकरीला जाताना लेक एवढंच म्हणाली होती, "बाबा, दिवाळीला मी येईपर्यंत ते जगवा." धाराशिवात पाकिटातलं मीठ कालवून समुद्र करावा लागतो. त्यात तिनं तीन वर्षं जगवलेलं पोवळं मी आठवड्यात घालवायला निघालो होतो.

"घडीमामांना दाखवा," बायको म्हणाली. "तुम्हाला साडीचा कांदा रंग, राणी, डाळिंबी, सगळं लालच दिसतं."

घडीमामा आमचे शेजारी. उभी हयात साडीच्या दुकानात गादीवर गेली. दुकान सुटलं, पण हाताची सवय सुटली नाही. चहाला आले की बोलता बोलता टॉवेल, वर्तमानपत्र, दिसेल त्याची घडी घालायचे. एकदा माझ्या अंगावरच्या शालीचीही घालायला घेतली होती, मी आत असताना.

मी टाकीजवळ उभा राहून पाण्याच्या नळीत औषधाचे थेंब टाकले, ती हलवली आणि रंगांच्या कार्डाशेजारी धरली; रंग जितका गडद लाल, तितकं नायट्रेट जास्त. मामांनी कार्डाकडं पाहिलंच नाही. टाकीवरच्या निळ्या दिव्याकडं पाहिलं.

"हितंच बघितला व्हय रंग?"

"हो."

"दुकानाच्या दिव्यात साडी पसंत करणारीला मी शहाणी म्हणत न्हाय. तुमी तर निळ्या दिव्यात बघितली."

गिऱ्हाइकाला न्यायचे तसे ते नळी घेऊन उंबऱ्याबाहेर गेले. उन्हात माझं शून्य चांगलंच भडक निघालं.

"डाळिंबी," मामा म्हणाले. "ह्याच्या पुढं कार्डावर रंगच न्हाय. आन् हे नायट्रेट म्हंजी असतंय काय?"

"माशांची घाण. मूत वगैरे, उरलेलं खाणं."

"मग बिचारं पोवळं तोंड कसं उघडंल?"

माशांचं खाणं निम्म्यावर आलं. दर रविवारी थोडं पाणी बदलायचं आणि उंबऱ्याबाहेर मामांचा निकाल ऐकायचा. आकडा ते कधीच सांगत नसत. लेकीनं फोनवर विचारलं, "नायट्रेट किती?" मी म्हणालो, "डाळिंबीच्या अलीकडं, बाळा." ती म्हणाली, "आईला फोन द्या."

एका रविवारी मला घाई झाली. "आता कांदाच म्हणायचा ना, मामा?"

"तुमाला पायजे म्हणून रंग उतरत न्हाय. त्येला धुवावं लागतंय. राणी हाय."

धूत राहिलो. दिवाळीला लेक आली तेव्हा पोवळं असं फुललं होतं की तिनं बॅग खाली ठेवायच्या आधी टाकीला नाक लावलं. मामा मागं उभे राहून तिच्या ओढणीची घडी घालत होते.

पुढं मामांना त्यांच्या मुलानं लोहाऱ्याला नेलं. जीपपाशी माझे डोळे भरून आले. मी रुमाल काढला. मामांनी तो माझ्या हातातून घेतला, चौकोनी घडी घातली आणि परत दिला. "रविवारी भाईर या," एवढंच म्हणाले.

त्या रविवारी नळी घेऊन मी एकटाच उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. बायको तुळशीला पाणी घालत होती. मी नळी पाहिली, तिच्याकडं पाहिलं आणि म्हणालो, "कांदा. अगदी तुझ्या साडीचा."

ती थांबली. "सव्वीस वर्षांत माझ्या साडीचा रंग पहिल्यांदा बरोबर सांगितलात," ती म्हणाली. "आणि शिकलात कशावर, तर माशाच्या मुतावर."