ठेवलेली भाकरी

गयामावशी भाकरी मोडण्याआधी ती कानाशी धरत असे. आदल्या संध्याकाळी थापलेली, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली ज्वारीची भाकरी. तिच्या कडेला अंगठ्याने हलकेच दाब द्यायची आणि डोळे मिटून ऐकायची. ‘कट्’ असा कोरडा आवाज आला, तर त्या भाकरीचा चुरा होई आणि ताकाचा हबका घेऊन वाफेवर चढे. आवाज न करता ती नुसतीच वाकली, तर तिच्या पट्ट्या कापून लसणाच्या फोडणीत पडत. “भाकर सांगती तिला काय व्हायचंय ते,” मावशी म्हणायची. “आपून निस्तं ऐकायचं.”

अंबाजोगाईच्या बसस्थानकामागे एका गल्लीत तिचं हॉटेल होतं. पत्र्याचं छप्पर, चार बाकडी, दाराशी चूल आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर. मी तेव्हा मराठी घेऊन बी.ए. करत होते. सकाळच्या तासाआधी तिथे जाण्याची मला सवय लागली होती, कारण पोहे आणि उपमा गावात कुठेही मिळत; गयामावशीकडे मात्र आज काय मिळेल, हे तिलाही चूल पेटेपर्यंत ठाऊक नसे. एका सकाळी तिने भाकरीचा वाफवलेला चुरा पसरट ताटलीत घातला, त्यावर घट्ट दही, दह्यावर कारळाच्या चटणीची काळी भुकटी आणि तेलातून नुकतीच निघालेली, अजून कुरकुरणारी एक लाल मिरची. पहिल्या घासाला गारवा लागला, मग आंबटपणा, आणि सगळं गिळून झाल्यावर मागे राहिला तो ज्वारीचा मातकट, संथ गोडवा.

“मावशी, ह्याला म्हणायचं काय?”

“मला कावून इचारती? कवितेचं पुस्तक तुज्या हातात हाय का माज्या?”

मी म्हटलं, “चांदणचुरा.” ती इतकी हसली की तिला पदराने डोळे पुसावे लागले. मग दाराबाहेरच्या काळ्या फळ्याकडे बोट करून तिने माझ्या हातात खडू दिला. तेव्हापासून रोजचं नाव ठेवणं माझ्याकडे आलं. अंबाडीच्या भाजीत परतलेल्या पट्ट्यांचा ‘हिरवा वारा’ झाला. गूळ, शेंगदाणे आणि चुरा यांच्या मुटक्यांचं ‘उन्हाचं पिल्लू’ झालं. एक कंडक्टर रोज फळा वाचून तिला डिवचायचा, “मावशे, काल चांदणं व्हतं, आज अमावस्या का?”

“अमावस्या तुज्या ताटात वाढते, बस गप,” ती म्हणायची आणि त्याला दह्याचा एक चमचा जास्त घालायची.

ती प्रौढशिक्षणाच्या वर्गात अक्षरं शिकली होती. मी फळ्यावर लिहीत असताना मागे उभी राहून ती बोटाने हवेत तीच अक्षरं गिरवायची. एकदा म्हणाली, “अक्षर बी भाकरीवानीच गं. थापताना कड फाटली, की लोकाला दिसतीच.” त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला असता, तर हे लिहिण्याची वेळ आली नसती.

संध्याकाळी वसतिगृहाकडे परतताना मी कितीदा तिला चुलीपुढे पाहिलं होतं. घरच्या जेवणाच्या भाकरी वेगळ्या आणि सकाळच्या हॉटेलासाठीच्या वेगळ्या. ह्या दुसऱ्या भाकरी ती जरा जाड थापायची, पदराने वारा घालून निववायची आणि एकेक करून फडक्यात ठेवायची. “ताजी भाकर गरम असती तवर कुणाचंच ऐकत न्हाई. निवली म्हंजी शानी व्हती,” असं तिचं म्हणणं. मी हे सारं माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मला माहीत नव्हतं, असं म्हणण्याची सोय मला नाही.

तिसऱ्या वर्षाला असताना जिल्ह्यातल्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत माझा लेख छापून आला. माझा पहिला छापील मजकूर. गयामावशीवर लिहिलं होतं, मनापासून लिहिलं होतं आणि मथळा दिला होता : ‘शिळ्या भाकरीची सोनेरी सकाळ’. सोमवारी मी तो अंक घेऊन धावतच तिच्याकडे गेले. तिने हात पुसले, बाकड्यावर बसली आणि मथळ्यावर बोट ठेवून वाचू लागली. पहिल्याच शब्दावर तिचं बोट थांबलं.

“शि... ळ्या.” तिने पुन्हा वाचलं. “शिळ्या?”

“मावशी, कौतुकानं लिहिलंय. ती प्रतिमा आहे.”

“परतिमा म्हंजी काय ते मला ठाव न्हाई. शिळं म्हंजी काय ते ठाव हाय.” तिचा आवाज चढला नाही. “शिळं म्हंजी उरलेलं, बाई. दुसऱ्याचं पोट भरून ऱ्हायलेलं. माजी माय रोज सांजच्याला टोपलं घिऊन गावातनं फिरायची. मागल्या दारानं जे पडंल ते. धर्म बदलला त्या साली माज्या बापानं ते टोपलं चुलीत घातलं अन् म्हणला, ह्या घरात हितून फुडं शिळं यायचं न्हाई, त्येचं नाव बी न्हाई. माजी भाकर उरलेली न्हाई गं. ठिवलेली हाय.”

तिने मला पहिल्यांदाच ‘बाई’ म्हटलं होतं. एरवी मी ‘कवितावाली’ होते.

त्या क्षणी मला आमचं घर आठवलं. धर्मापुरीच्या रस्त्यावरचं आमचं गाव, आमची जमीन, आमचं मागचं दार. त्या दाराशी उरलेलं वाढायला एक वेगळी जर्मनची थाळी असायची आणि तिला हात लागला तर आई मला हात धुवायला लावायची. ‘शिळं’ हा शब्द मी कुठल्या पुस्तकातून उचलला नव्हता. तो माझ्याकडे त्या थाळीतून आला होता आणि मी त्याला ‘सोनेरी सकाळ’चं तोरण बांधलं होतं.

“येवडंच कर,” मावशी म्हणाली. “फुडल्या अंकात तेवडा एक शबुद बदलून घे. बाकी लई ग्वाड ल्हिलंय.”

मी हो म्हटलं. ‘हो’ म्हणताना मी तिच्याकडे पाहिलं नाही.

संपादकांना पत्र लिहायला बसले, तेव्हा दोन गोष्टी आड आल्या. पहिल्याच लेखात चूक कबूल केली तर ते पुन्हा छापतील का, ही भीती. ही तरी समजण्यासारखी होती. दुसरी सांगताना आजही कान तापतात. ‘ठेवलेल्या भाकरीची सोनेरी सकाळ’ हे मी मोठ्याने म्हणून पाहिलं आणि मला ते लयीत अडखळल्यासारखं वाटलं. ‘शिळ्या’ कसा पहिल्याच ठेक्यावर बसत होता! कानाने भाकरी ऐकणाऱ्या बाईवर मी लिहिलं होतं, पण माझ्या कानाला तिचं म्हणणं ऐकू आलं नाही. लय तेवढी ऐकू आली. पत्र अर्धं राहिलं.

त्या आठवड्यात मुलांच्या वसतिगृहातली काही मुलं कात्रण घेऊन हॉटेलात आली. मी कोपऱ्यात बसले होते.

“अबे, दोन प्लेट शिळं सांग की!”

“सोनेरी बघून दे म्हणावं!”

मावशीने ऐकलं नाही असं दाखवलं. ती चुलीतली लाकडं मागेपुढे करत राहिली. मुलं दुसऱ्यांदा ओरडली, तेव्हा शांतपणे म्हणाली, “हितं भाकर मिळती. भाकर पायजेल त्येनं बसा.” मुलं हसत उठून गेली. बाकडी रिकामी झाली. मी जागची उठले नाही. बशीतला चुरा बोटाने एका बाजूला करत राहिले. निघताना तिने विचारलं, “धाडलं का गं पत्र?” मी म्हटलं, “धाडलं.”

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. मग परीक्षा आली, मग पुणे. पुढे माझ्या ललितलेखांचं पुस्तक निघालं. त्यात हा लेख घेतला, मुद्रितं तपासताना मथळ्यावर लाल पेन टेकवलं आणि उचललं. म्हणजे चूक एकदा झाली असं नाही. मला ती दुरुस्त करायची संधी दोनदा मिळाली होती.

या वर्षी एका काव्यशिबिरासाठी अंबाजोगाईला बोलावणं आलं. वीस वर्षांनी सकाळी त्या गल्लीत शिरले. पत्र्याच्या जागी स्लॅब आला होता, चुलीच्या जागी शेगडी. पण तापल्या लोखंडी तव्याचा आणि लसणाचा वास वळणावरच भेटला. काउंटरमागे मावशीची लेक यशोधरा होती. मी शिकत असताना ती सासरी आष्टीला होती. तिने मला कधी पाहिलं नव्हतं. बुद्धाच्या शेजारी मावशीची तसबीर होती आणि तिला हार होता. “दोन वर्सं झाली,” माझी नजर बघून यशोधरा म्हणाली. “सांजच्या भाकरी थापल्या, फडक्यात ठिवल्या, अन् मग गेली.”

तसबिरीखाली काचेत एक पिवळं पडलेलं कात्रण होतं. मी जवळ गेले. माझा लेख. मथळ्यातला पहिला शब्द निळ्या शाईने खोडला होता आणि त्याच्या वर, मोठ्या, थरथरत्या, पण कड न फाटलेल्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘ठिवलेल्या’.

“मायनं सोता ल्हिलंय,” यशोधरा अभिमानाने म्हणाली. “आधी पाटीवर धा डाव गिरवलं, मंग कागदावर. एक कवितावाली पोर व्हती म्हणं हितं. तिनं पत्र धाडलं व्हतं, पर पेपरवाल्यानं छापलंच न्हाई. माय म्हणायची, पोरीचा काय दोस? आपलं आपून दुरुस करावं.”

म्हणजे माझं खोटंसुद्धा तिने जपून ठेवलं होतं. आणि मी दिलं होतं त्याहून स्वच्छ करून.

मी कोण, हे यशोधराला सांगायला हवं होतं. सांगितलं, पण ताबडतोब नाही, खाऊन झाल्यावर. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा काय उमटलं, ते इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे. त्याआधी मात्र मी बाकड्यावर बसले होते आणि ती हात पुसत विचारत होती, “काय देऊ, ताई?”

बाहेरच्या फळ्यावर आजही कुणाच्या तरी हस्ताक्षरात ‘चांदणचुरा’ लिहिलेलं होतं. मी ठेवलेलं ते नाव माझ्या तोंडातून निघेना.

“भाकरी,” मी म्हटलं. “आहे का?”

तिने फडकं उलगडलं, वरची भाकरी उचलून कानाशी धरली आणि डोळे मिटले.

“हाय की,” ती म्हणाली. “ठिवलेली हाय.”