रावस म्हणू नका

सुहासिनी मूळची नागपूरची. माहेरी मासा शिजत नसे. सुमंत मालवणचा. लग्नानंतर ती मासे खायला शिकली आणि सिएटलजवळ राहायला आल्यावर धरायला. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. मी त्यांचा शेजारी, मासे धरायला त्यांच्याबरोबर जाणारा. जन्मभर वेल्डिंग केलं; कच्चं काम मला लगेच दिसतं. तिचं कधी दिसलं नाही. गळाची गाठ स्वतः बांधायची, ओढून बघायची, पटली नाही तर कापून पुन्हा बांधायची.

इथले आपले लोक सरसकट सगळ्या सॅमन माशांना रावस म्हणतात. तिला ते खपत नसे. "काका, या नदीत रावस नसतो. कोहो असतो, नाहीतर किंग. सॅमनच्या वेगळ्या जाती आहेत त्या."

२००६ च्या सप्टेंबरात नदीच्या आमच्या पट्ट्यात धरलेला कोहो ठेवता येत होता. किंग मारणं गुन्हा होता. सोडायचा मासा पाण्याबाहेरसुद्धा काढायचा नाही. आणि पुढच्याच आठवड्यात या दोघांची ग्रीन कार्डची मुलाखत होती. नावावर कसलीही केस नको होती.

त्या सकाळी तिच्या गळाला मोठा मासा लागला. तो प्रवाहाबरोबर खाली पळाला. ती गुडघे वाकवून उभी राहिली. तो पळाला की दोरी सोडायची, थांबला की गुंडाळायची. दमून मासा काठाजवळ आला, तेव्हाच मत्स्यखात्याचा अधिकारी काठाकाठानं आमच्याकडे येताना दिसला.

सुमंत काठी घेऊन पाण्यात शिरला. "रावस! केवढा आहे यार! हाणतो डोक्यात."

"थांब."

"अगं, सुटेल! शेपटी बघ, ठिपके फक्त वरच्या अर्ध्यात. कोहोच आहे."

मलाही तसंच वाटलं. पण किंगचे ठिपके शेपटीभर असतात, आणि पाणी गढूळ होतं, शेपटीचा खालचा भाग धड दिसत नव्हता.

"काका, रॉड धरा. हिरडी बघते." कोहोची हिरडी दातांच्या बुडाशी पांढरी असते, किंगची काळी. ती पाण्यातच गुडघ्यांवर बसली. माशानं हिसडा दिला, ती घसरली, बुटांत पाणी गेलं. सुमंतनं काठी उचलली.

"सुमंत, काठी खाली!"

तिला एवढं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. तिनं अंगठ्यानं जबडा उघडला. हिरडी काळी कुळकुळीत.

"किंग."

सुमंतचा हात खाली आला. तिनं गळ सोडवला, पण मासा पोट वर करून कलंडला. तिनं तो सरळ केला, तोंड प्रवाहाकडे धरून ठेवलं. अधिकारी आमच्या मागे येऊन उभा राहिला. कल्ले उघडत होते, मिटत होते, फार हळू. पाणी बर्फासारखं होतं. तिनं हात बदलले नाहीत. मग शेपटी एकदा जोरात हलली आणि तिचे हात रिकामे झाले.

अधिकाऱ्यानं मासेमारीचं लायसन्स मागितलं. तिची बोटं वळेनात. सुमंतनं तिच्या खिशातून काढून दिलं. अधिकाऱ्यानं ते पाहिलं, परत केलं आणि तो पुढे गेला.

सुमंतनं तिचे हात स्वतःच्या जॅकेटमध्ये कोंबले. "घरी जाऊया?"

"का? कोहो कुठे मिळालाय अजून?"